एका साखळीची चूक

चहा गार होऊ देऊ नका. आणि सांगता सांगता मी मधेच गप्प झालो, तर समजा की लाज वाटली म्हणून झालो. कारण ह्या किश्शात मी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका माणसाला बेवडा ठरवलंय, एका म्हातारीला तिच्याच अंगणात खोटं पाडलंय, आणि दोन्ही गोष्टी एका दगडाच्या जिवावर केल्यात. पदरचं काही घालणार नाही. म्हणजे, नेहमी घालतो तेवढं नाही.

मी प्रकाश पाटील, भाईंदर पश्चिम. आमच्या मागच्या पिढ्यांनी मीठ पिकवलं, भात पिकवला. मी थापा पिकवतो, असं सुनंदा म्हणते. सुनंदा माझी बायको. घरीच ब्लाउज शिवते. तिच्या गिऱ्हाइकांत जेसल पार्कच्या एक बाई आहेत, त्यांची मुलगी ऋजुता. ही ऋजुता विद्यापीठात जुन्या नकाशांवर संशोधन करते, आणि तिला उत्तनच्या बाजूची खडान्‌खडा माहिती असलेला जागेवरचा माणूस हवाय, ही बातमी एका मापाच्या ब्लाउजाबरोबर आमच्या घरात आली.

आता तुम्हीच सांगा, हे ऐकून मी शिवणाच्या मशीनशेजारी मुकाट बसेन?

पुढच्या रविवारी ऋजुता लॅपटॉप घेऊन आली. तिचं काम काय ते आधी समजून घ्या, मलाही तिने दोनदा सांगितलं. इंग्रजांच्या काळात एका सर्व्हेअरने आपल्या ह्या किनाऱ्याचा नकाशा काढलेला. हाताने, शाईने. एकेक शेत, एकेक घर, एकेक विहीर. त्या कागदाचा फोटो हिच्याकडे होता, आणि तो जुना कागद तिला आजच्या, उपग्रहावरून घेतलेल्या चित्रावर नेमका बसवायचा होता.

कसा बसवायचा? होडीवर ताडपत्री ठोकतात ना, तसा. तेव्हाही होतं, आजही आहे, आणि मधल्या काळात जागचं हललेलं नाही, असं काहीतरी शोधायचं. चर्चचा कोपरा. टेकडीवरच्या देवळाचा चौथरा. तळ्याची पायरी. तिथे तिथे जुन्या कागदाला एकेक खिळा मारायचा. ह्या खिळ्याला ती कंट्रोल पॉइंट म्हणायची. खिळे बरोबर बसले की मधला सगळा कागद आपोआप जागेवर येतो. एक चुकला की तिथे कागद ओढला जातो, आणि आजूबाजूचं सगळं त्याच्यामागून फरफटत जातं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

तिचे सहा खिळे मारून झाले होते. तेवढ्यावर काय दिसतं ते तिने मला दाखवलं, आणि माझा चहा बशीत तसाच राहिला.

स्क्रीनवर आजचं भाईंदर होतं. गच्च्या, पाण्याच्या टाक्या, निळे पत्रे. तिने कडेची एक पट्टी बोटाने हळूहळू सरकवली, आणि भाईंदर विरघळायला लागलं. बिल्डिंगी फिकट झाल्या आणि त्यांच्या खालून मिठागरांचे चौकोन वर आले, गोधडीच्या ठिगळांसारखे. खाडीची एक बारीकशी फाटी वळत वळत आली आणि आमच्या सोसायटीच्या गेटातून आत शिरली. आमच्या मीटिंगमध्ये दोन सभासद ज्या पार्किंगवरून वर्षभर भांडतायत, तिथे त्या सर्व्हेअरने मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की इथे होड्या बांधतात.

म्हणजे तिसऱ्या मजल्यावर मी चहा पीत बसलोय, आणि माझ्या पायाखाली पाणी.

सुनंदा मशीन सोडून उठून आली. ती पट्टी तिने स्वतःच्या बोटाने दोनदा सरकवून पाहिली. सुनंदाने मशीन सोडलं, ह्यावरून काय ते ओळखा.

हे सगळं तो माणूस चालत चालत करायचा, असं ऋजुताने सांगितलं. हातात लोखंडी साखळी. आपल्या गुंठ्याची साखळी तेहेतीस फुटांची, ही साहेबाची, सहासष्ट फुटांची. ती पसरायची, उचलायची, पुन्हा पसरायची, आणि मोजत जायचं. चिखल, भरती, काटे, साप, आणि हा बाबा साखळ्या मोजतोय. आणि इतक्या वर्षांनी त्याच्या तळ्याचा कोपरा आजच्या तळ्याच्या कोपऱ्यावर चपखल बसतोय. मला मोबाइलवरून अजून रिक्षावाल्याला घराचा पत्ता पाठवता येत नाही. मी मनातल्या मनात त्याला हात जोडले.

आणि पुढच्या पंधरा दिवसांत त्याच माणसाची मी काय अवस्था केली, ते ऐका.

ऋजुताची अडचण किनाऱ्याला होती. तिथे पक्कं असं काही मिळेना. नकाशात मात्र किनाऱ्यालगत एक छोटा त्रिकोण होता आणि शेजारी लिहिलं होतं, हद्दीचा दगड. तो त्या सर्व्हेअरचा मुक्कामाचा दगड. चर्चपासून मोजत तो तिथवर आला, आणि तिथून पुढे किनाऱ्यावरची घरं, वाटा, विहिरी, सगळं त्या दगडापासून मोजलं. दगड मिळाला तर किनारा मिळाला.

"आहे की," मी म्हणालो. "आमचाच आहे."

आणि खरंच आहे हो! उत्तनच्या रस्त्याला आमचं भाताचं शेत होतं, आता नुसतं गवत. त्याच शेतात लहानपणी मी एका डावात सत्तेचाळीस रन काढलेत, हे भाईंदरात सगळ्यांना माहीत आहे, कारण सगळ्यांना मीच सांगितलंय. शेताच्या रस्त्याकडच्या टोकाला गुडघ्याएवढा काळा दगड, आणि त्याच्यावर कोरलेला बाण. ऋजुताला तिथे नेलं. ती खाली बसली आणि त्या बाणावरून तिने बोट फिरवलं, इतक्या हळू, की मीही आवाज खाली केला.

मग कोर्टात विचारतात तसं तिने विचारलं, हा दगड कधी कुणी हलवलाय का?

"माझ्या पणजोबांच्या आधीपासून इथे आहे," मी म्हणालो. "पूर येऊन गेले, वादळं येऊन गेली. इंचभर हललेला नाही. लिहून घे."

तिने लिहून घेतलं. तिच्या प्रत्येक खिळ्याची एक नोंद असते. खूण कुठली, सांगितलं कुणी, विश्वास किती ठेवायचा. नकाशाबरोबर ती कायमची राहते, जगात कुठेही बसून कुणीही वाचू शकतं. माझी नोंद अशी झाली : माहिती देणारे, प्रकाश पाटील. विश्वासार्हता, उत्तम. आता हे दोन शब्द माझ्या नावासमोर जन्मात पहिल्यांदा आले होते. मी फोटो काढून तीन ग्रुपांवर टाकला.

खिळा मारला आणि गडबड झाली. बाकीच्या सहा खिळ्यांच्या हिशेबाने दगड जिथे हवा, तिथे तो नव्हता. रस्त्याच्या बाजूला सरकलेला दिसत होता. किती? ऋजुताने मोजलं. वीस मीटर आणि वर थोडंसं. पुन्हा मोजलं, तेवढंच. मग तिने त्याचे फूट केले आणि खुर्चीत ताठ बसली.

सहासष्ट फूट. बरोबर एक साखळी.

कळलं का काय झालं ते? दगड तर हललेला नाही, पाटील काका छातीला हात लावून सांगतायत. मग चुकलं कोण? सर्व्हेअर. मोजता मोजता एक साखळी धरायची राहून गेली, आणि दगडाबरोबर त्याचा सगळा किनारा चुकला. ऋजुताने तिच्या गाइडना फोन लावला. इतका अचूक माणूस, आणि त्याची एवढी एकच, इतकी माणसासारखी चूक. गाइड खूश, ऋजुता खूश. ह्याच्यावर वेगळं प्रकरण लिहायचं ठरलं. आणि नकाशाचा किनारा एक साखळी रस्त्याकडे ओढून दगडाशी जुळवून घेतला गेला.

इथे तरी मी थांबायला हवं होतं. पण ऋजुताने सहज विचारलं, काय झालं असेल हो काका, कसा विसरला असेल? मला सहज काही विचारू नये.

मी सांगितलं, आमच्या पणजोबांचे ताड होते त्या शेताच्या बांधावर. गोरा साहेब भर उन्हातून साखळी ओढत आला. पणजोबांनी ताडीचं मडकं पुढे केलं. साहेबाने एक संपवलं, दुसरं संपवलं, आणि तिसऱ्यानंतर साखळी उचलायला म्हणून जो वाकला तो तिथेच झोपला. उठला तेव्हा आकडा विसरलेला. पणजोबांना विचारतो कसा, पाटील, किती झाल्या होत्या? पणजोबा म्हणाले, तीन. त्यांनी मडकी सांगितली.

तुम्हाला हे कुणी सांगितलं, असं तिने विचारलं. म्हटलं, घरात सांगतात. तिने लिहिलं, मौखिक परंपरा. आमच्या घरात हे कोण सांगतं, असं सुनंदाने आतून मशीन थांबवून विचारलं, पण मला ते ऐकू आलं नाही.

इथवर सगळी गंमत होती. मेलेला सर्व्हेअर काही भांडायला येणार नव्हता. पण आमच्या शेताला लागून सिसिलिया मावशीचं घर आहे, आणि मावशी चांगली जिवंत आहे.

मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. बापाची एकुलती एक, म्हणून लग्नानंतरही ह्याच घरात राहिली. मुलगा विल्सन चाळीस-एक वर्षांचा, स्वभावाने गाय. पण घरात माणसं वाढली, खोल्या वाढल्या नाहीत, म्हणून त्याने मागच्या अंगणात दोन खोल्या काढायचं ठरवलं. त्या अंगणात मावशीची वलांडी होती, म्हणजे बोंबील वाळत घालायचे बांबू. ती उतरवायची म्हटल्यावर मावशी आडवी आली. तिचं म्हणणं, ह्या वलांडीखाली माझ्या आज्याची बाव हाय.

बाव म्हणजे विहीर. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि हिचं पाणी गोडं. एके काळी अख्खा पाडा तिथे भरायचा म्हणे. नळ आले, बाव पडून राहिली, कुणी पोर आत पडू नये म्हणून मावशीच्या बापाने वर फरशा टाकून माती लोटली. आणि मुलीला सांगून ठेवलं, हिच्यावर भिंत घालू देऊ नको, कधीतरी लागेल. विल्सनने आईच्या शब्दाखातर दोन ठिकाणी खणून पाहिलं होतं. नुसती वाळू. शेजारीपाजारी म्हणायला लागले, मावशीचं वय झालं. त्या अंगणात तिचं म्हणणं खरं मानणारं एकही माणूस उरलं नव्हतं, आणि ते तिला कळत होतं.

शेवटी विल्सनने मला विचारलं, दादा, तुमच्या त्या नकाशात आमची बाव दिसते काय?

दिसत होती ना! छोटासा निळा गोल. एका साखळीची चूक सुधारलेल्या आमच्या नकाशात तो गोल बरोबर डांबरी रस्त्याच्या मधोमध पडत होता.

ऋजुताने लॅपटॉप मावशीच्या मांडीवर ठेवला. मावशीने चष्मा लावला आणि खूप वेळ पाहिलं. "रस्त्यात न्हाय," ती म्हणाली. "रस्ता तवा नव्हताच. बाव माझ्या वलांडीखाली हाय."

"आई, वरून उपग्रहानं बघितलंय," विल्सन समजुतीच्या सुरात म्हणाला. "आता त्यो खोटं बोलंल काय?"

"त्याला खालून कोनी सांगितलं?"

"परकासदादांनी."

मावशीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मंग झालं," म्हणाली, आणि बोंबील काढायला उठून गेली.

त्या 'मंग झालं'चा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला वाटलं, पटलं. विल्सनलाही तसंच वाटलं. त्याने वलांडी उतरवली आणि बुधवारी सकाळी काँक्रीट टाकायचं ठरवलं.

बुधवारची सकाळ. मी चहाचा कप घेऊन बसलेलो. टीव्हीवर ऑस्ट्रेलियातली मॅच चालू, हिंदी कॉमेंटरी. सुनंदा खडूने कापडावर रेघा मारत होती, आणि मी तिला सर्व्हेअरचं प्रकरण पुन्हा एकदा सांगत होतो. ह्या वेळी मडकी चारवर गेली होती. सहासष्ट फुटांची एक अख्खी साखळी विसरला, बघ, असं मी म्हटलं.

"सहासष्ट फूट म्हणजे बावीस वार," सुनंदा म्हणाली. तिला सगळं वारातच कळतं.

आणि त्याच वेळी टीव्हीतला माणूस म्हणाला, "बाईस गज की इस पट्टी पर..."

मी कप खाली ठेवला.

बावीस वार. बावीस यार्ड. पिच!

आपण वर्ल्ड कप जिंकला ते वर्ष. मी अकरा वर्षांचा. त्या वर्षी अख्ख्या देशात कुणी साधं क्रिकेट खेळत नव्हतं, सगळे नियमाने खेळत होते. आम्ही शाळेतल्या पी.टी.च्या सरांची टेप आणून आमच्या शेतात पिच मोजलं, बरोबर बावीस यार्ड. स्टंप कुठले? दगड. तो तिथे, शेताच्या आतल्या टोकाला, आयताच उभा होता. पण दगडापाशी बॅट घेऊन उभं राहिलं की तोंड समुद्राकडे, आणि संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांत. मी लागोपाठ तीन दिवस शून्यावर आउट झालो आणि सांगितलं, उन्हामुळे. शेत आमचं, त्यामुळे माझं म्हणणं मानणं भाग होतं. चौघांनी पहार लावून दगड उपटला, लोटत लोटत पिचच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्याकडे नेला, आणि चेंडू लागून पडू नये म्हणून असा पक्का रोवला, असा पक्का रोवला, की चाळीस वर्षांनी मीच शपथेवर सांगितलं, इंचभर हललेला नाही.

आणि विसरलो कसा, म्हणता? तुम्ही एकच गोष्ट चाळीस वर्षं सांगा, सत्तेचाळीस रनांची, दर वेळी दोन चौकार वाढवून. त्यात दगड कुणाच्या लक्षात राहतो?

विल्सनला फोन लावला, उचलेना. ऋजुताला लावला, म्हटलं लॅपटॉप घेऊन आत्ताच्या आत्ता मावशीकडे ये. खाली उतरून रिक्षा पकडली. रिक्षावाला माझी घाई बघून म्हणाला, "अंकल, उत्तन में क्या हो गया?"

"पत्थर हिल गया."

"अभी?"

"चालीस साल पहले."

त्यानंतर त्याने रिक्षा सावकाशच चालवली. त्याला वाटलं असणार, आता घाई काय?

पोचलो तेव्हा अंगणात मिक्सर गरगरत होता. सळ्या बांधून झाल्या होत्या. मावशी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर पाठ करून बसली होती. मी गेलो तो थेट सळ्यांच्या जाळीत जाऊन उभा राहिलो. दादा, चप्पल अडकंल, बाजूला व्हा, असं विल्सन म्हणत होता, आणि मी मिक्सरच्या आवाजावर माझं पाप ओरडून सांगत होतो. क्रिकेट, ऊन, पहार, दगड. सळईवाले हसायला लागले. मावशीने खुर्ची फिरवली. विल्सनने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मिक्सर बंद करायला सांगितलं.

जेसल पार्कहून यायला ऋजुताला वेळ लागला. तेवढा वेळ मी जाळीतच उभा. न जाणो.

ती आली, तिने ऐकलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "काका, मी त्या माणसाच्या चुकीवर चाळीस पानं लिहिलीत," ती म्हणाली.

"ताडीसकट?"

"मडक्यांसकट."

मग तिने शांतपणे विचारायला सुरुवात केली. दगड कुठून कुठे नेला, कुठल्या दिशेला, अंतर कशाने मोजलं. मी सगळं सांगितलं, ती टाइप करत गेली. आणि शेवटी सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, दगड हलवल्यावर त्या संध्याकाळी मी सत्तेचाळीस काढले. तेही तिने टाइप केलं.

माशांची एक टोपली पालथी घालून तिच्यावर लॅपटॉप ठेवला. ऋजुताने दगडाचा खिळा उपटला आणि एक पिच आत नेऊन पुन्हा मारला. ओढून धरलेली चादर सोडावी तसा सगळा किनारा जागेवर गेला. सातही खिळे एकमेकांना खरे ठरवत होते. तो माणूस एकही साखळी विसरला नव्हता. त्याने सगळ्या मोजल्या होत्या, उन्हात, चिखलात, ताडी न पिता. आणि तो निळा गोल आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रस्त्यातून निघाला, कंपाउंडवरून, स्वयंपाकघराच्या कौलांवरून सरकत मागच्या अंगणात येऊन थांबला.

ऋजुता फोनमध्ये बघत चालत गेली आणि सळ्यांच्या कोपऱ्यात उभी राहिली. विल्सनने आधी खणलेल्या खड्ड्यांपासून पाच-सहा पावलांवर.

सळ्या बाजूला केल्या. विल्सनने स्वतः खणलं. कमरेइतकं गेल्यावर पहारीचा आवाज बदलला. हाताने माती सारली, तर फरशी. फरशीची एक कड उचलली आणि खालून गार हवा वर आली. किती वर्षांची कोंडलेली हवा असेल ती! मावशीने विल्सनला खूण केली. त्याने एक खडा आत सोडला.

आम्ही वाट पाहिली. तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांसमोरून पाणी, मिठागरं, होड्या, साखळी ओढत चालणारा तो माणूस, सगळं सरकून गेलं.

मग खालून आवाज आला. डुबुक.

विल्सनने डोक्यावरची टोपी काढली. ऋजुताच्या डोळ्यांत पाणी होतं. कागदावरचा गव्हाएवढा गोल, एका माणसाने इथेच कुठेतरी उभं राहून काढलेला, आणि तो खाली पाण्याने भरलेला निघाला. दोरीला बादली बांधून खाली सोडली. मावशीने वर आलेल्या पाण्यात बोट बुडवून कपाळाला लावलं, क्रूस केला आणि बोट जिभेवर टेकवलं. "गोडं हाय," म्हणाली. विल्सनकडे बघून म्हणाली. विल्सन मान खाली घालून उभा होता. खोल्या आता बाजूला सरकवून बांधू, कठडा आधी बांधू, एवढंच तो म्हणाला.

इथे किस्सा संपला असता तर माझी थोडी तरी अब्रू राहिली असती. पण ऋजुता पडली संशोधक. दगडाची नोंद बदलायची, तर तो हलवल्याला दुसरा साक्षीदार हवा. नुसत्या माझ्या शब्दावर आता ती काही लिहायला तयार नव्हती. मी म्हटलं, कुठून आणू, ते बाकीचे तिघे कुठे कुठे पांगले.

"मी व्हते की," मावशी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"वलांडीवर बोंबील लावत व्हते. विल्सन पाळन्यात. तीन पोरांनी दगड नेला, हितून थितं. परकास नुसता बोट दाखवत व्हता."

"मावशी, मग आम्हाला आधी सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"इचारलं कोनी?"

ऋजुताने ते सगळं उतरवून घेतलं, आणि सरळ मनाने विचारलं, आणि मग काका सत्तेचाळीस काढेपर्यंत तुम्ही बघत होता?

मावशी हसली. त्या दिवसांत पहिल्यांदाच. "सत्तेचाळीस? पयल्याच बॉलला दगडावर ठण्ण. आन सांगायला लागला, आता वारा व्हता."

ती नोंद आज नकाशाबरोबर आहे. शंभर वर्षांनी कुठल्याही देशातला कुणीही माणूस उत्तनच्या त्या दगडावर बोट ठेवेल, तर त्याला वाचायला मिळेल : हा दगड प्रकाश पाटील ह्यांनी लहानपणी एक साखळी पश्चिमेला हलवला. कारण, उन्हामुळे आउट होतो अशी तक्रार. हलवल्यानंतरची धावसंख्या, शून्य. माहिती देणाऱ्या, सिसिलिया मावशी. विश्वासार्हता, उत्तम.

माझा भोपळा आता अक्षांश-रेखांशासकट जपून ठेवलेला आहे.